तासाभराचं काम

जिन्यात कयूमर्स आगा म्हणाले, "माझ्याकडे द्या, मी करून देतो," आणि दोन पायऱ्या वर उभ्या असलेल्या फरंगीस खानुम म्हणाल्या, "बरं, घ्या."

कयूमर्स आगांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. कारण असं करायचं नसतं. रश्तमध्ये, नव्हे साऱ्या इराणात, लहान पोरालाही कळतं, की कुणी "मी करून देतो" म्हटलं की आपण "छे छे, तुम्हाला कशाला त्रास" म्हणायचं. मग समोरच्याने "त्रास कसला, तुमचं काम माझ्या डोळ्यांवर" म्हणायचं. आपण पुन्हा "नाही हो, देवाशप्पथ नको" म्हणायचं. दोघांची अब्रू राखून इथवर आलं, की मग खरं काय ते कळतं. ज्याला मनापासून करायचं असतं तो तिसऱ्यांदा विचारतो, आणि तिसऱ्यांदा विचारलेलं खरं धरतात. ज्याने नुसतं तोंडदेखलं म्हटलेलं असतं तो दोनावर थांबतो, टोपी सारखी करतो आणि आपल्या वाटेने जातो. कयूमर्स आगा दोनावर थांबायच्या हिशेबानेच बोलले होते. फरंगीस खानुमनी त्यांना एकावरच धरलं.

"म्हणजे... आत्ताच?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही मोकळे असाल तर आत्ताच. जड आहे, दोघं मिळून खाली आणू."

वस्तू होती कॉम्प्युटर. पडद्याच्याच पाठीत सगळं यंत्र कोंबलेलं असतं, खाली वेगळा डबा नसतो, त्यातला. सत्तावीस इंची, नऊ वर्षांचा. फरंगीस खानुम छापखान्यांसाठी पुस्तकं जुळवून देत. पानं लावणं, चुका काढणं, तक्ते बसवणं. डोळे अधू असल्यामुळे लहान पडद्यावर त्यांचं चालत नसे, आणि एवढ्या मोठ्या पडद्याचं नवं यंत्र घ्यायचं तर किंमत ऐकून माणूस दुकानातच बसायला खुर्ची मागतो. सध्या त्यांच्याकडे एका प्राध्यापकांचं गिलानमधल्या भातांच्या जातींवरचं चारशे पानांचं पुस्तक होतं आणि ते नौरोजच्या आत छापायला जायला हवं होतं. यंत्राचा वेग असा, की सकाळी चालू करून त्या तांदूळ निवडत, धूत, भिजत घालत, आणि परत येऊन बघत तर ते अजून जागं होत असे.

"दुकानदाराने हात लावायला नकार दिला," यंत्राचं एक टोक धरून जिना उतरताना त्या म्हणाल्या. "म्हणे काच डिंकाने चिकटवलेली आहे, फुटली तर माझ्या गळ्यात. सामान तेवढं विकलं."

सामान एका पिशवीत होतं. नवी डिस्क, मेमरीच्या दोन पट्ट्या, दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपचं भेंडोळं.

"काही काळजी करू नका," कयूमर्स आगा म्हणाले. एकदा घोड्यावर बसल्यावर दुसरं काय म्हणणार?

त्यांच्याबद्दल गल्लीत जे मत होतं ते निव्वळ खोटं होतं असंही नाही. टेलिफोन खात्यात एकतीस वर्षं त्यांनी तारा जोडल्या होत्या. केसासारख्या तारांचे जुडगे सोडवून त्यातली नेमकी हवी ती जोडी काढायची, हे ते झोपेतही करत असतील. निवृत्त झाल्यावर शेजारपाजारच्या इस्त्र्या, चहाचे समोवार आणि दारावरच्या घंट्या यांनी त्यांना गुंतवून ठेवलं होतं. पण कॉम्प्युटर त्यांनी आजवर फक्त चालू आणि बंद केला होता, आणि बंद करतानाही मनात धाकधूक असे.

त्या गुरुवारी संध्याकाळी त्यांनी यंत्र जेवायच्या टेबलावर पालथं घातलं, चष्मा चढवला आणि स्क्रू शोधायला सुरुवात केली. पाठीला नाही. कडेला नाही. तळाला नाही. पुन्हा उताणं केलं. जगात अशी वस्तू असते, जी माणसाने बनवली आणि जिला एकही स्क्रू नाही, हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी टोपी घातली आणि दुकानं बंद व्हायच्या आत बाजार गाठला.

कॉम्प्युटरवाल्यांच्या गल्लीत पूरंगचं दुकान होतं. पूरंग तिशीचा, गलेलठ्ठ, सतत सूर्यफुलाच्या बिया सोलणारा. ज्याच्या हातात पेचकस त्याला "इंजिनियरसाहेब" म्हणायची आपल्याकडे पद्धतच आहे, पण पूरंग रिकाम्या हाताने आलेल्यालाही म्हणे.

"या इंजिनियरसाहेब!"

"एका मित्राचं काम आहे," कयूमर्स आगा म्हणाले. "त्याला हे पडद्यातच सगळं असलेलं, नऊ वर्षांचं यंत्र उघडायचंय. मी त्याला म्हटलं, विचारून सांगतो."

"मित्राला सांगा, स्क्रू शोधू नको."

"तो कशाला शोधेल?"

"सगळे शोधतात," पूरंग म्हणाला, आणि त्याने सगळं समजावून सांगितलं. काच चारी बाजूंनी टेपने चिकटलेली असते. गरम वारा द्यायचा, केस वाळवायच्या यंत्राने. कड मऊ झाली की पातळ कार्ड आत सारायचं आणि हळूहळू फिरवायचं. घाई केली की काच गेली. आणि काच सुटली तरी एकदम उचलायची नाही, मागे दोन केबली असतात. "एक चाप दाबून सुटते, एक सरळ ओढून. उलट केलंत तर पडदा कायमचा अंधारात. नऊ वर्षांपूर्वीचा पडदा आता शोधून मिळत नाही. मित्राला नीट सांगा."

"सांगतो," कयूमर्स आगा म्हणाले. 

शुक्रवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांनी दुसऱ्या मजल्यावरची घंटा वाजवली. ही घंटाही त्यांनीच दुरुस्त केलेली होती, चांगली वाजली. फरंगीस खानुम डोक्यावरचा रुमाल सारखा करत बाहेर आल्या.

"खानुम, माफ करा, केस वाळवायचं यंत्र आहे का तुमच्याकडे?"

फरंगीस खानुमची नजर त्यांच्या डोक्यावर गेली. कयूमर्स आगांचं डोकं गेली वीस वर्षं समोवारासारखं लख्ख होतं. 

"आहे की," त्या म्हणाल्या. "कुणासाठी?"

"काचेसाठी."

"मग मीही येते. काच धरायला कुणीतरी लागेल ना."

"छे छे, तुम्ही कशाला..."

"आलेच," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या. आज पुन्हा पहिल्याच झटक्यात. या बाईला झालंय तरी काय, असं मनात म्हणत कयूमर्स आगा खाली आले आणि त्यांनी दार सताड उघडं ठेवून त्याला बूट लावला. एकट्या पुरुषाच्या घरी एकटी बाई येणार म्हटल्यावर दार उघडं हवं. पहिल्या मजल्यावरच्या सोरया खानुमना त्या दिवशी चार वेळा कचरा टाकायला खाली यावं लागलं, तेही सोयीचं झालं.

फरंगीस खानुम एका हातात केस वाळवायचं यंत्र आणि दुसऱ्या हातात झाकलेली कढई घेऊन आल्या. कढईत मिर्झा कासेमी होतं. भाजलेल्या वांग्याचा आणि लसणीचा वास अख्ख्या खोलीत पसरला. वयाने त्या कयूमर्स आगांपेक्षा सहा वर्षांनी लहान, म्हणजे सत्तावन्नच्या. आईचं आजारपण काढता काढता लग्न राहून गेलं, आणि आई दोन वर्षांपूर्वी गेली. कयूमर्स आगांची बायको इस्मत जाऊन आठ वर्षं झाली होती. एकाच जिन्याने दोघं इतकी वर्षं चढउतर करत होते आणि एकमेकांच्या दुखण्याखुपण्याची खबर ठेवत होते. पण एकमेकांच्या टेबलाशी बसण्याची ही पहिलीच वेळ होती. त्यामुळे दोघंही उगाच यंत्राकडेच बघत होते.

"हे काढू ना?" कयूमर्स आगांनी विचारलं.

'हे' म्हणजे यंत्राचा झगा. काल स्क्रू शोधताना त्यांनी तो पुरता काढलाही नव्हता, नुसता इकडून तिकडून वर सारून बघितलं होतं. लाल बनातीवर रेशमाचं रश्ती भरतकाम केलेलं, सरूची झाडं आणि डाळिंबं काढलेलं, पाठीला अगदी घट्ट बसेल असं बेतून शिवलेलं आवरण. समोरचा भाग तेवढा पदरासारखा वर टाकायचा आणि काम करायचं.

"मीच शिवलं," फरंगीस खानुम म्हणाल्या. "आणलं त्याच आठवड्यात. एवढी महागाची वस्तू आणि आपली ही दमट हवा. म्हटलं, बाधायला नको."

"सुंदर आहे," कयूमर्स आगा मनापासून म्हणाले.

मग काम सुरू झालं. केस वाळवायचं यंत्र कयूमर्स आगांनी आधी उलटंच धरलं, तेव्हा फरंगीस खानुमनी ते त्यांच्या हातून काढून घेतलं. त्या गरम वारा देत होत्या आणि ते निवृत्त टेलिफोन कर्मचारी संघाचं आपलं कार्ड काचेच्या कडेत सारत होते. चार बोटं पुढे सरकायला दहा मिनिटं लागत. मध्येच चर्रर्र असा आवाज आला की दोघंही श्वास रोखून धरत आणि तो टेपचा होता हे कळल्यावर सोडत. दीड तासाने कार्ड वरच्या कडेला येऊन पोचलं. कयूमर्स आगांची पाठ भरून आली होती, चष्मा घामाने घसरत होता, आणि खरं सांगायचं तर ते आयुष्यात बऱ्याच दिवसांनी खूश होते.

"धरा आता," ते म्हणाले. "पुढे कलवा, पण उचलू नका."

फरंगीस खानुमनी काच दोन्ही हातांनी धरून हळूच पुढे कलवली. दोघांनी एकदमच आत डोकावून बघितलं.

आत सगळं लाल होतं. पंख्यावर लाल, जाळीवर लाल, डिस्कवर लाल. नऊ वर्षांत बनातीचा झडलेला कापूस आत ओढला जाऊन त्याची एक गादीच तयार झाली होती. पाठीवरच्या ज्या फटीतून यंत्राने गरम हवा बाहेर टाकायची, ती फट डाळिंबाच्या बरोबर मागे येत होती.

फरंगीस खानुमच्या ओठांवरचं हसू मावळलं. "हे माझ्या आवरणाचं?"

"थोडंसं," कयूमर्स आगा म्हणाले.

"म्हणजे ते म्हातारं झालं नव्हतं. मीच नऊ वर्षं त्याचं नाक दाबून बसले होते."

"तुम्ही त्याला थंडी वाजू दिली नाहीत, खानुम. एवढं कोण करतं यंत्रासाठी?"

हे नुसतं तोंडदेखलं नव्हतं. कयूमर्स आगांना त्या लाल गादीकडे बघून खरोखरच भरून आलं होतं. आपल्याला कुणी कधी असं मापाने शिवलेलं काही घातलंय का, असा एक विचार त्यांच्या मनात आला, आणि त्या विचाराच्या नादातच त्यांचा हात केबलीकडे गेला.

एक दाबून, एक ओढून. पहिली त्यांनी नीट सोडवली. दुसरी त्यांनी ओढली, आणि टक् असा आवाज झाला. केबल हातात आली होती, पण तिच्याबरोबर तांदळाच्या कणीएवढा एक धातूचा चापही तुटून तळहातावर येऊन पडला.

कयूमर्स आगा हाताकडे बघत उभे राहिले. चारशे पानं, भाताच्या सगळ्या जाती, नौरोजची मुदत, आणि समोर दोन्ही हातांनी काच धरून उभी असलेली ही बाई, जिने एका शब्दावर आपलं पोट त्यांच्या टेबलावर आणून ठेवलं होतं. आता आणखी एक गोड वाक्य बोलून वेळ मारून नेता आली असती. ते त्यांच्याच्याने झालं नाही.

"खानुम," ते म्हणाले, "माझ्या हातून काहीतरी मोडलंय. पडद्याची केबल आहे. कदाचित पडदा आता कधीच लागणार नाही." आणि एवढं बोलल्यावर बाकीचंही थांबेना. "मी असलं यंत्र आजवर कधी उघडलेलं नाही. मला यातलं काहीही येत नाही. जिन्यात मी तोंडदेखलं बोललो. वाटलं, तुम्ही नको म्हणाल."

दाराबाहेर सोरया खानुमच्या सपाता थबकल्या.

"आगा, काच जड आहे," फरंगीस खानुम म्हणाल्या. "आधी ती कुठे ठेवायची ते सांगा."

दोघांनी ती नेऊन पलंगावर दुलईवर निजवली. मग फरंगीस खानुमनी ताटल्या मांडल्या. "जेवून घ्या. गार झालं की वांगं खाववत नाही."

"तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावून पडदा लागणार असेल तर रागावते."

कयूमर्स आगांनी चार घास खाल्ले, पण त्यांना चव कळली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं, निदान कुठे उभे आहोत ते कळलं असतं. ही बाई शांतपणे पाव मोडून वांग्याला लावत होती आणि "लसूण कमी पडली का" असं विचारत होती. जेवण झाल्यावर तिने रंगाचा कुंचला मागून घेतला आणि दुपारभर बसून पंख्याच्या पात्यांमधला लाल कापूस कणाकणाने काढला. जाताना म्हणाली, "उद्या दुकानं उघडली की जुनी डिस्क घेऊन जा. आतलं सगळं नव्या डिस्कवर उतरवून देतात. पुस्तक त्यातच आहे."

हे तिला कसं माहीत, असा प्रश्न कयूमर्स आगांना त्या वेळी पडला नाही. त्या रात्री त्यांना झोपच लागली नाही. काच पलंगावर होती, म्हणून ते दिवाणावर आडवे झाले आणि मोडक्या चापाचा विचार करत राहिले.

शनिवारी सकाळी पूरंगने शटर वर केलं तेव्हा कयूमर्स आगा दाराशी भिजक्या छत्र्यांच्या गर्दीत उभे होते. त्यांनी डिस्क दिली आणि मग खिशातून कागदाची पुडी काढली.

पूरंगने चाप भिंगाखाली धरला. "तुमच्या मित्राने उलट केलं."

"हो."

"चापच तुटलाय. तारा आत शाबूत असतील, नसतीलही. टेपने दाबून बसवायला सांगा. लागला तर लागला, नाहीतर तुमच्या मित्राचं नशीब." त्याने डिस्क तारेला जोडता जोडता तिच्यावर फुंकर मारली. एक लाल धागा उडून त्याच्या मिशीवर बसला. त्याने तो चिमटीत धरून बघितला, आणि त्याचं सगळं पोट हलायला लागलं. "अहो, ही तर त्या झगेवाल्या खानुमची! लाल झगा, डाळिंबं काढलेली!"

"तुम्ही ओळखता त्यांना?"

"विसरेन कसा? गेल्या रविवारी टॅक्सीत घालून आणलं होतं. असं, पोर आणल्यासारखं कडेवर. मी म्हटलं, ठेवून जा खानुम, तासाभराचं काम आहे, चहा पिऊन होईपर्यंत देतो."

"तुम्ही नाही म्हणालात ना? काच फुटेल म्हणून?"

"मी?" पूरंगला हा अपमान वाटला. "महिन्याला दहा उघडतो असली! नाही, सामान घेतलं, सगळं विचारून घेतलं, काय कसं करतात, डिस्क कशी उतरवतात. मग म्हणाल्या, हे घरी जमेल का कुणाला? म्हटलं, माणूस सबुरीचा असेल तर जमेल. तर म्हणतात, एकतीस वर्षं टेलिफोनच्या तारा जोडलेल्या माणसाला जमेल का?"

कयूमर्स आगांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, त्याला नाही जमणार तर कुणाला. झालं, उचललं आणि चालत्या झाल्या. मी आपला दारात उभा! एवढी उचलून आणलेली वस्तू कुणी अशी परत नेतं का, इंजिनियरसाहेब?" मग त्याने बी सोलायचं थांबवलं आणि कयूमर्स आगांकडे नीट निरखून बघितलं. "तुम्ही कोणत्या खात्यातून निवृत्त झालात म्हणालात?"

"म्हणालोच नाही," कयूमर्स आगा म्हणाले.

डिस्क उतरायला दुपार झाली. घरी येताना पाऊस भुरभुरत होता आणि त्यांनी छत्री उघडलीच नाही. आधी त्यांना राग आला. वेडी आहे का ही बाई? स्वतःचं चारशे पानांचं काम, स्वतःची मुदत, आणि दिलं कुणाच्या हातात, तर ज्याला स्क्रूसुद्धा सापडले नाहीत त्याच्या! नदीवरच्या पुलापर्यंत येईतो तो राग पार विरून गेला आणि त्याच्या जागी भीती आली. कालपर्यंत ते एका शेजारणीचं यंत्र मोडल्याच्या चिंतेत होते. आता त्यांना कळलं होतं, की कुणीतरी जाणूनबुजून, डोळे उघडे ठेवून, आपल्यावर पैज लावली आहे. आणि तो चाप मोडलेला होता.

फरंगीस खानुम खाली आल्या तेव्हा त्यांनी यातलं काही सांगितलं नाही. दाराला बूट लावला. नवी डिस्क बसवली. तापमान बघणारी बारीक तार तिच्या पाठीला चिकटवली. मेमरीच्या पट्ट्या खाचेत दाबल्या, त्या टक् टक् करून बसल्या. प्रत्येक टक् ला कयूमर्स आगांचं काळीज हललं. पहिली केबल लावली. दुसरी केबल खोबणीत टेकवून तिच्यावर टेपचा तुकडा दाबून बसवला. काच अजून चिकटवायची नव्हती, नुसती टेकवून बघायची होती.

"दाबा बटण," ते म्हणाले.

"तुम्हीच दाबा."

"यंत्र तुमचं आहे."

फरंगीस खानुमनी बटण दाबलं. पंखा फिरू लागला, इतका हलका की कान द्यावा लागला. पडदा काळा होता. कयूमर्स आगांनी मनात आकडे मोजायला सुरुवात केली. दहा झाले. वीस झाले. पडदा काळाच होता, आणि त्यात त्या दोघांचे चेहरे दिसत होते, शेजारी शेजारी, एक टोपीतला आणि एक रुमालातला.

"गेला," ते म्हणाले. आवाज त्यांचाच होता पण त्यांना तो ओळखू आला नाही.

 काचेच्या मागे हात घालून फरंगीस खानुमनी बोटांनी चाचपलं, टेपचा तुकडा सापडल्यावर अंगठ्याने गच्च दाबला, आणि तसाच दाबून धरला. पडदा एकदा लुकलुकला. मग उजळला. त्यानंतर तांदूळ निवडायलाच काय, पातेलं उचलायलाही वेळ मिळाला नसता. सगळं झरझर समोर आलं, आणि शेवटी भाताच्या लोंब्यांचं चित्र असलेलं पुस्तकाचं पहिलं पान.

कयूमर्स आगा खुर्चीत बसले. जीव भांड्यात पडला होता.

टेपचा आणखी एक जाड थर बसवला. मग चारी कडांना नवी पट्टी लावली आणि दोघांनी मिळून काच बसवून, वरपासून खालपर्यंत हाताने दाबून घेतली. काम झालं. फरंगीस खानुमनी केस वाळवायचं यंत्र उचललं, कढई उचलली.

"तुमचे हात कधी दुखू नयेत, आगा. किती त्रास दिला तुम्हाला. आता एक टोक धरा, वर नेऊ या."

"दुकानदार भेटला," कयूमर्स आगा म्हणाले. "पूरंग."

फरंगीस खानुमनी कढई पुन्हा खाली ठेवली.

"तासाभराचं काम होतं म्हणे."

त्या लाल झाल्या. कपाळापासून हनुवटीपर्यंत. पण मान खाली घातली नाही. "हो," त्या म्हणाल्या. "खोटं बोलले मी."

"तुम्हाला माहीत होतं मला येत नाही ते?"

"तुम्ही केस वाळवायचं यंत्र उलटं धरलंत तेव्हा खात्री झाली."

"आणि काच फुटली असती तर? पडदा गेला असता तर? तुमचं पुस्तक, तुमचं काम..."

"तर गेला असता," त्या म्हणाल्या. "भाताच्या जाती कुठे पळून जात नव्हत्या. काय करणार होते मी, कयूमर्स आगा? दर शुक्रवारी तुम्ही जिन्यात भेटता. म्हणता, खानुम, या ना चहाला. मी म्हणते, नको, तुम्हाला त्रास. तुम्ही म्हणता, त्रास कसला, या. मी म्हणते, नको, देवाशप्पथ. आणि तुम्ही टोपी सारखी करता आणि निघून जाता. दोन वर्षं. आई गेल्यापासून दर शुक्रवारी. मी दारामागे उभी राहते, पावलं परत वळतात का ते ऐकत. एकदाही तिसऱ्यांदा विचारलं नाहीत."

कयूमर्स आगांना वाटलं, आपण एकतीस वर्षं लोकांचे आवाज एकमेकांपर्यंत पोचवले, आणि हा एवढा जवळचा आवाज आपल्याला ऐकू आला नाही. ते दोनावर थांबायचे ते सभ्यपणा म्हणून. म्हातारा माणूस गळ्यात पडतोय असं तिला वाटू नये म्हणून. दर शुक्रवारी खाली येऊन ते एकटेच चहा पीत आणि म्हणत, नाही आली, बरोबरच आहे तिचं.

"मला वाटायचं तुम्हाला खरंच यायचं नाही," ते म्हणाले.

"मला वाटायचं तुम्हाला खरंच बोलवायचं नाही."

जिन्यात सपाता वाजल्या. सोरया खानुम कचऱ्याची रिकामी बादली घेऊन वर निघाल्या होत्या, आणि चाल अगदी सावकाश होती.

"खानुम, चहा टाकतो," कयूमर्स आगा म्हणाले. "बसा."

"नको, तुम्हाला कशाला त्रास."

"त्रास कसला. बसा ना."

"नाही हो. देवाशप्पथ."

कयूमर्स आगांनी डोक्यावरची टोपी काढली आणि टेबलावर ठेवली. "फरंगीस," ते म्हणाले, आणि त्यांच्या तोंडून हे नाव नुसतं असं पहिल्यांदाच निघालं, "बस. तू वर गेलीस की हे घर मला खायला उठतं. बस माझ्यापाशी."

 तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि ओठांच्या कडेला हसू होतं.

"आणि मी आताही नाही म्हटलं तर?"

"तर चौथ्यांदा विचारीन. पाचव्यांदा विचारीन. मला आता दुसरं काय काम आहे?"

"मग नाही," फरंगीस म्हणाली, आणि खुर्ची ओढून बसली.